गारांचा पट्टा

वऱ्हाड व नागपूर प्रांतांतील जुन्या ग्रामजीवनांत गारपगारी नांवाची एक जात असे. शिवारावर येणारी गार परतविणें हें तिचें परंपरागत काम, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य देत. आभाळांत काळसर-तांबूस ढग दाटले कीं गारपगारी मारुतीपुढें उभा राहून गाऱ्हाणें घाली. आज या उपायावर कोणी विसंबणार नाहीं. परंतु ज्या गांवांनीं एवढ्यासाठीं स्वतंत्र माणूस राखला, त्यांचें निरीक्षण चोख होतें. गार एका शिवारास झोडपते आणि शेजारच्यास सोडते. मोसमी पाऊस इतका पक्षपाती नसतो. मग गारच अशी कां वागते?

वर्धा जिल्ह्यांतील नाचणगांव उदाहरणादाखल घ्यावें. हें गांव पुलगांवास लागून आहे. पश्चिमेस वर्धा नदी, आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा. माघ-फाल्गुनांत येथें गहूं व हरभरा काढणीस येतात. नेमक्या याच सुमारास मध्य भारतावर दोन वारे एकमेकांस भिडतात : एक बंगालच्या उपसागरावरून येणारा दमट, दुसरा वायव्येकडील कोरडा. त्यांतच भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी झंझावातांमुळें उंचावरील हवा थंड होते. खालीं तापलेली दमट हवा व वर थंड हवा ही स्थिति टिकणारी नव्हे. खालची हवा वेगानें वर उसळते आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

या दिवसांत सुमारें ४ किलोमीटर उंचीवर उष्णतामान शून्य अंशाखालीं जातें. तरी तेथील जलबिंदु लगेच गोठत नाहींत. ते शून्याच्या बरेच खालीं द्रवच राहतात. मात्र बर्फाचा एखादा कण भेटला, कीं स्पर्श होतांच गोठून त्यास चिकटतात. हाच गारेचा जन्म. गार फोडली असतां आंत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. त्यावरून ती ढगांत वर-खालीं अनेक हेलपाटे घालते, असें पाठ्यपुस्तकांतून सांगितलें जात असे. आतां शास्त्रज्ञांचा कल निराळा आहे : पुष्कळ गारा चढत्या झोतांत एकाच फेरींत वाढतात. बिंदु झटपट गोठले तर हवेचे बुडबुडे अडकून थर पांढरा होतो. पाणी विपुल असून सावकाश गोठलें तर तो काचेसारखा निर्मळ उतरतो. सुपारीएवढी गार पेलावयास चढत्या हवेला ताशीं पन्नास-साठ किलोमीटर वेग लागतो. तो ओसरला, किंवा गारच फार जड झाली, कीं ती कोसळते. पावसाळ्यांतले ढगहि उंचच असतात; पण तेव्हां गोठण्याची पातळी सुमारें साडेपांच किलोमीटरांवर गेलेली असल्यानें लहान गारा वाटेंतच वितळतात.

असा जोरदार झोत ढगाच्या थोड्याच भागांत असतो, आणि ढग उंचावरील वाऱ्याबरोबर सरकत असतो. म्हणून मार अरुंद, लांबट पट्ट्यांत पडतो. धामणगांवाच्या बाजूस उठलेला ढग बहुधा पूर्वेकडे वा ईशान्येकडे, म्हणजे नदी ओलांडून येतो. पावसाबरोबर खालीं उतरलेली थंड हवा जमिनीवर पसरून पुढील उष्ण हवेस उचलते. जुना ढग विरतो, शेजारीं नवा उठतो, आणि पट्टा मध्येंच तुटतो. कारण निराळें असलें तरी असाच पट्टा अमेरिकेंत ईरी सरोवराकांठीं हिमाचा पडतो. नोव्हेंबर २०१४ मध्यें बफलो शहराच्या दक्षिणेस पांच फुटांहून अधिक हिम सांचलें, तर उत्तरेस अवघे कांहीं इंच!

त्याच वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्र गारपिटीनें हवालदिल झाले होते. अशा वेळीं पंचनामा करणाऱ्यानें रस्त्याकडेचें एक शेत पाहून साऱ्या गांवाचा अंदाज बांधणें म्हणजे कोणावर तरी अन्याय करणें होय. बांधाच्या एका अंगास ओंब्या झडून काड उरतें, दुसऱ्या अंगास गहूं उभा असतो.

नागपूर येथील हवामान खात्याचा रडार आतां हे ढग दुरून पाहतो, आणि दोन-तीन तासांपुरता इशारा मिळूं शकतो. तेवढ्या वेळांत कापलेल्या हरभऱ्याची गंजी झांकतां येते, गुरें गोठ्यांत आणतां येतात. उभ्या गव्हास मात्र झांकण नाहीं.