एका पत्त्याचे दोन धनी

एकाच गल्लीतील दोन घरांवर एकच क्रमांक लिहिला, तर पोस्टमनची कशी त्रेधा उडेल! एक पत्र या दारी पडेल, दुसरे त्या दारी. आणि दोन्ही घरची मंडळी टपालखात्याला बोल लावीत बसतील. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात नेमके असेच घडले.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या, घरी संगणक नसलेल्या मुलांची सारी भिस्त या कक्षावर होती. सकाळी पहिला संगणक उत्तम चाले. दुसरा सुरू होताच दोहोंचाही संपर्क तुटू लागे. कुणी तारांस दोष दिला, कुणी पावसास. तारा बदलल्या, दोष मात्र तसाच!

याचे कारण समजण्यास थोडी माहिती हवी. आमच्या प्रत्येक यंत्रात 'व्हर्च्युअलबॉक्स' या आज्ञावलीच्या साहाय्याने एक आभासी संगणक चालतो. म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. एक मूळ प्रत सिद्ध करावयाची आणि तिच्या नकला सर्वत्र ठेवावयाच्या, अशी ही सोय. या आभासी संगणकासही नेटवर्क अ‍ॅडॅप्टर असतो व त्यास ४८ बिटांचा 'मॅक' पत्ता असतो. शाळेच्या जाळ्यातील 'स्विच' हा आपला पोस्टमन. कोणता पत्ता कोणत्या दारी, याचे टाचण तो ठेवतो. नकला करताना नवे पत्ते देण्याचा पर्याय असतो. तो आम्ही निवडलाच नव्हता. साऱ्या नकला एकच पत्ता सांगू लागल्या, आणि टाचण क्षणोक्षणी बदलू लागले.

असा दोष शोधताना क्रम सोडू नये. प्रथम आभासी संगणकाच्या मांडणीत अ‍ॅडॅप्टर चालू व 'जोडलेला' आहे ना, हे पाहावे. मग १२७.०.०.१ या पत्त्यास 'पिंग' करावे. उत्तर आले तर संगणकातील संपर्काची आज्ञावली ठीक आहे, असे समजावे. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या यंत्राकडून उत्तर आलेले नाही. शेवटी दोन संगणकांचे मॅक पत्ते शेजारी लिहून ताडून पाहावेत. आमची चूक तेथेच सापडली.

आणखी एक दोष असतो. विंडोजमध्ये पूर्वीच्या अ‍ॅडॅप्टरची नोंद अदृश्य रूपाने राहते व त्यास दिलेला आयपी पत्ता अडवून बसते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे शासकीय नाव 'बेळगावी' झाले. तरी जुन्या नावाचे पत्रही पोस्टमन पोचवितो, कारण त्यास दोन्ही नावे ठाऊक असतात. संगणकास हा समजूतदारपणा नाही. म्हणून 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये लपलेली उपकरणे दाखवावयास सांगून ती जुनी नोंद काढून टाकावी.

प्रत्येक आभासी संगणकास नवा मॅक पत्ता मिळताच सर्व संगणक एकाच वेळी चालू लागले, आणि मुदतीच्या आदल्या सायंकाळी शेवटचा अर्ज रवाना झाला. नकला करण्याची रीतही आम्ही त्याच दिवशी सुधारली; कारण मुळाशी राहिलेली चूक प्रत्येक नकलेत पुन्हा उगवते.

विद्यार्थिमित्रहो, तारेस आणि पावसास दोष देणे सोपे असते. दोन पत्ते शेजारी लिहून पाहावयास मात्र पाच मिनिटे व थोडा धीर पुरे होतो.