सहा नळ्यांची बंदूक : पडद्यावरची आणि खरी

१९८७ साली आलेल्या ‘प्रिडेटर’ या हॉलीवूडच्या चित्रपटातला एक प्रसंग जगभरच्या प्रेक्षकांच्या लक्षात राहिला आहे. मित्र मारला गेल्यामुळे खवळलेला एक सैनिक त्याची भलीमोठी बंदूक उचलतो आणि समोरच्या जंगलावर गोळ्यांचा मारा सुरू करतो. बंदुकीच्या सहा नळ्या गरगर फिरतात आणि केळीचे खांब कापावेत तशी झाडे आडवी होतात. बाकीचे साथीदारही धावत येऊन आपापल्या बंदुका चालवतात. सारे शांत झाल्यावर शोध घेतला जातो, तर समोर कुणीच नाही! एका पानावर हिरव्या रक्ताचा शिंतोडा तेवढा सापडतो.

या बंदुकीचे नाव एम-१३४ मिनीगन. गंमत अशी, की जिच्यामुळे हा प्रसंग गाजला ती बंदूक माणसाने हातात धरून चालवण्यासाठी बनलेलीच नव्हती. तिची खरी जागा हेलिकॉप्टरच्या दारात किंवा त्याच्या दोन्ही अंगांना. चित्रपटांनी तिला तिथून उतरवून नायकाच्या हातात दिले आणि या बदलात बरेच काही प्रेक्षकांच्या नजरेआड गेले.

माणसे वाचवण्यासाठी बंदूक!

फिरत्या नळ्यांच्या बंदुकीचा जनक रिचर्ड गॅटलिंग हा अमेरिकन संशोधक. त्याने वैद्यकीचे शिक्षण घेतले होते, पण दवाखाना कधी थाटला नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले असताना, १८६२ साली त्याने हाताने दांडा फिरवून चालवायच्या बंदुकीचे पेटंट घेतले. पुढे १८७७ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपला हेतू सांगितला आहे. युद्धात सैनिक गोळीपेक्षा रोगराईनेच जास्त मरतात, हे त्याने पाहिले होते. एकच माणूस शंभरांचे काम करू शकला, तर एवढ्या मोठ्या फौजा लागणार नाहीत आणि माणसे वाचतील, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब साफ चुकला. फौजा लहान झाल्या नाहीत. उलट १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झुलू योद्ध्यांविरुद्ध इंग्रजांनी याच बंदुका आणल्या. गॅटलिंगने १८९३ मध्ये आपल्या बंदुकीला विजेची मोटरही जोडून पाहिली. पण तोवर एका नळीच्या, हलक्या आणि आपोआप चालणाऱ्या मशीनगन आल्या होत्या. त्याची कल्पना मागे पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमाने आली. ती इतक्या वेगाने जात, की नेम धरायला क्षणभरच मिळे. तेवढ्या क्षणात जास्तीत जास्त गोळ्या सुटायला हव्यात, म्हणून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने गॅटलिंगची कल्पना पुन्हा उचलली आणि विमानांसाठी २० मिलिमीटरची ‘व्हल्कन’ तोफ बनवली. पुढे व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरसाठी तिचीच लहान आवृत्ती निघाली. तिच्यात रायफलीची ७.६२ मिलिमीटरची गोळी वापरली गेली. व्हल्कनपेक्षा लहान, म्हणून ‘मिनी’. एरवी या बंदुकीत लहान असे काहीच नाही.

ती चालते कशी?

साध्या मशीनगनमध्ये सुटलेल्या गोळीच्या जोरावरच पुढची गोळी भरली जाते. मिनीगनमध्ये हे सारे काम विजेची मोटर करते. सहा नळ्यांचा जुडगा फिरत राहतो आणि प्रत्येक नळीतून एका फेऱ्यात एकदाच गोळी सुटते. बंदुकीतून मिनिटाला ३००० गोळ्या सुटत असल्या, तरी एका नळीच्या वाट्याला ५०० च येतात. त्यामुळे नळ्या लवकर तापत नाहीत. एखादे काडतूस फुटले नाही, तरी मोटर ते बाहेर फेकते आणि काम चालू राहते. वेग मिनिटाला २००० पासून ६००० गोळ्यांपर्यंत नेता येतो. या वेगात एकेक बार वेगळा ऐकू येत नाही. जाड कापड टरकन फाडावे तसा सलग आवाज येतो.

आता हातात धरण्याचा प्रश्न. नुसत्या बंदुकीचे वजन सुमारे ३९ किलो. मिनिटाला ४००० गोळ्यांचा वेग धरला, तर एका मिनिटाच्या काडतुसांचेच वजन शंभर किलोंच्या वर जाते. शिवाय मोटरसाठी बॅटरी हवी. गोळीबार चालू असेतोवर सुमारे ७० किलोंचा रेटा मागे बसत राहतो, तो वेगळाच. कितीही बलदंड पैलवान असला, तरी त्याला हे झेपणारे नाही.

मग ‘प्रिडेटर’मध्ये जेसी व्हेंचुरा या पैलवान नटाने ती कशी चालवली? काडतुसे नुसत्या बाराची होती, त्यांत गोळी नव्हती. वीज लपवलेल्या तारेतून, पँटच्या पायातून वर आणली होती. नळ्या फिरताना डोळ्यांना दिसाव्यात म्हणून वेगही मिनिटाला सुमारे १२५० वर आणला होता. हा व्हेंचुरा पुढे राजकारणात शिरला आणि १९९९ ते २००३ या काळात मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर होता.

पडद्यावरची कारकीर्द

१९९१ च्या ‘टर्मिनेटर २’ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरने हीच बंदूक हाती घेतली. इमारतीच्या खिडकीतून तो पोलिसांच्या गाड्यांची चाळण करतो. पण त्याने एका मुलाला कुणाचा जीव न घेण्याचे वचन दिलेले असते. गोळीबार थांबल्यावर त्याच्या यंत्रनजरेत मृतांचा आकडा उमटतो : शून्य. १९९९ च्या ‘मॅट्रिक्स’मध्ये ती निदान हेलिकॉप्टरवर दिसली. नायक उंच इमारतीतल्या एका खोलीवर गोळ्यांची सर सोडतो, रिकाम्या पुंगळ्यांचा पाऊस पडतो. त्याच खोलीत बांधून ठेवलेल्या त्याच्या गुरूला मात्र त्यातली एकही गोळी लागत नाही!

कॉम्प्युटर गेम्समध्येही ही बंदूक लवकर आली. १९९३ च्या ‘डूम’मध्ये फिरत्या नळ्यांच्या बंदुकीला ‘चेनगन’ म्हटले गेले आणि मुलांच्या तोंडी तेच नाव बसले. खरी चेनगन निराळी. तिला नळी एकच असते आणि आतली यंत्रणा साखळीवर चालते. भारतीय हवाई दलात २०१९ मध्ये दाखल झालेल्या अपाचे हेलिकॉप्टरच्या पुढच्या अंगाला अशी ३० मिलिमीटरची चेनगन आहे. फिरत्या नळ्यांचे शस्त्रही आपल्याला नवे नाही. हवाई दलाने घेतलेल्या रशियन एमआय-२५ हेलिकॉप्टरच्या नाकाखाली चार नळ्यांची मशीनगन होती. १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर ही हेलिकॉप्टर श्रीलंकेत गेली होती.

आपल्या चित्रपटांनाही अवाढव्य बंदुकीचा मोह पडला आहे. २०२३ च्या ‘अ‍ॅनिमल’मध्ये मराठी अभिनेते उपेंद्र लिमये यांनी रंगवलेला फ्रेडी हा शस्त्रांचा व्यापारी नायकाला चाकांवरचे एक महाकाय शस्त्र आणून देतो. भूमिका छोटी, पण ती आली की चित्रपटगृहात शिट्ट्या वाजत. नायक त्या शस्त्रावर स्वार होतो, समोर माणसांचा लोंढा कोसळतो आणि प्रेक्षक खूष होतात.

नळीच्या दुसऱ्या टोकाला

या साऱ्या दृश्यांत एक गोष्ट समान आहे. कॅमेरा बहुतेक वेळा बंदुकीच्या बाजूला उभा असतो. फिरत्या नळ्या, ज्वाळा, पुंगळ्या यांचे दर्शन तो मनसोक्त घडवतो. गोळ्या जातात त्या ठिकाणी मात्र झाडे, काचा, रिकाम्या गाड्या किंवा चेहरा नसलेले गुंड असतात.

व्हिएतनाममध्ये तसे नव्हते. तिथे अमेरिकेने एसी-४७ या मालवाहू जातीच्या विमानावर अशा तीन-तीन बंदुका बसवल्या होत्या. रात्री आकाशातून जमिनीपर्यंत लाल दोर सोडल्यासारख्या चमकत्या गोळ्यांच्या रेघा दिसत. सैनिकांनी त्या विमानाला लहान मुलांच्या एका लोकप्रिय गाण्यातल्या ड्रॅगनचे नाव दिले होते : ‘पफ’. वेढ्यात सापडलेल्या चौकीतल्या सैनिकांना ते विमान देवासारखे वाटे. पण खाली अंधारात नेमके कोण आहे, हे वरून कसे दिसणार?

सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे ऑक्टोबर १९९३ मध्ये झालेल्या लढाईतही हेलिकॉप्टरवरच्या मिनीगन रात्रभर गर्जत होत्या. २००१ साली त्यावर ‘ब्लॅक हॉक डाऊन’ हा चित्रपट निघाला. त्या लढाईत अमेरिकेचे १८ सैनिक पडले. त्यांतल्या प्रत्येकाचे नाव नोंदलेले आहे. सोमाली मृतांचा आकडा मात्र ‘शेकडो’ एवढाच सांगितला जातो. त्यांत बायका-मुलेही होती.

चित्रपट बघू नयेत किंवा मुलांनी खेळ खेळू नयेत, असे यावरून कुणी म्हणणार नाही. बंदुकीमागचे यंत्रशास्त्र खरोखरच अचंबा वाटावा असे आहे आणि पडद्यावरची करामतही कौतुकाची आहे. पण घरातला मुलगा डोळे विस्फारून ‘केवढी भारी गन!’ म्हणाला, तर ती माणसाला अशी उचलता येत नाही, एवढे सांगून थांबू नये. तिच्यातून सेकंदाला पन्नासहून अधिक गोळ्या सुटतात आणि त्यातली प्रत्येक कुठेतरी जाऊन लागते, हेही त्याला सांगावे. खाली कोण होते, हा प्रश्न मग तो आपणहून विचारील.