दान मिळालेल्या मूत्रपिंडाची राखण
चाळीसगावच्या बाजारपेठेत पावसाळ्यातील गजकर्ण नवे नाही. औषधाच्या दुकानातून मलम आणून लावले की झाले, अशी सर्वसाधारण रीत. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांनी मात्र ती सोडावी. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रोज घ्यावयाच्या गोळ्या प्रतिकारशक्ती मंदावतात. त्यामुळे त्वचेवरील बुरशी खोलवर उतरू शकते. स्टेरॉइडमिश्रित मलमाने चट्टा फिकटतो, बुरशी मात्र पसरतच राहते. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल यांसारख्या बुरशीनाशक औषधांनी रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढून मूत्रपिंडालाच इजा पोहोचू शकते. विहारसेवेत अनवाणी चालताना काटा रुतला आणि तेथे न दुखणारी गाठ आली, तरी ती तपासून घ्यावी. कोणतेही औषध प्रत्यारोपणतज्ज्ञांना विचारूनच सुरू करावे. आप्ताने दिलेल्या दानाची राखण हेही धर्मकार्यच आहे.