जिन्यावर शिडी लावताना



कारखान्यात उंचावर काम करायचे म्हटले की कायदा आडवा येतो. जिने व पायऱ्या भक्कम हव्यात, जरूर तेथे कठडा हवा, पडण्याचा संभव असेल तेथे बंदोबस्त हवा, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे ३२ वे कलम सांगत असे. घरात मात्र कोणी निरीक्षक येत नाही. तेथे आपणच मालक, आपणच कामगार, आणि पडलो तर जखमीही आपणच!

मालवण तालुक्यातील मसुऱ्याचेच उदाहरण घ्या. तेथील आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते. आपल्याकडूनही माणसे घाट उतरून तिला जातात. जत्रेच्या आधी, आणि पुढे गणपतीच्या आधी, गावात घरोघर साफसफाई निघते. जुन्या कौलारू घरातला माळ्याचा लाकडी जिना अरुंद आणि उभा. त्यावरची जळमटे काढायची, भिंतीला रंग द्यायचा, तर निसण, म्हणजे आपली शिडी, थेट जिन्यावरच उभी राहते. "एकच बल्ब तर बदलूचो आसा!" म्हणत घरचा कर्ता वर चढतो.

खरी मेख येथेच आहे. बाजूच्या भिंतीला शिडी टेकवली की तिचा एक पाय वरच्या पायरीवर, दुसरा खालच्या पायरीवर येतो. मग खालच्या पायाखाली वीट नाहीतर पाट सरकवला जातो. चढणाऱ्याने एका बाजूला हात लांबवला की सगळा भार त्याच पायावर येतो आणि वीट सटकते. त्यातून खाली सपाट जमीन नाही, पायऱ्यांच्या धारदार कडा आहेत.

तेव्हा एवढे पाळा. शिडीचे दोन्ही पाय एकाच पायरीवर ठेवा आणि शिडी जिन्याच्या खालच्या अंगाच्या भिंतीला टेकवा. म्हणजे पाय मागे सरकू लागले तरी वरच्या पायरीच्या उभ्या फळीला अडतात. उलट बाजूला टेकवली, तर तेच पाय पायरीच्या कडेवरून निसटतात. बाजूच्याच भिंतीशी काम असेल, तर सुताराकडून पायरीच्या उंचीइतका, पायरी भरून बसेल असा भक्कम खोका करून घ्या. त्याला शिडीचा पाय अडेल अशी पट्टी ठोकावी.

शिडीचा उतार चारास एक असावा. टेकण्याची जागा शिडीच्या पायापासून १२ फूट उंच असेल, तर पाय भिंतीपासून ३ फूट दूर. एक माणूस शिडी धरायला हवाच, पण त्याने पाठीमागे उतार ठेवून उभे राहू नये. बांबूची शिडी पावसाळाभर पडवीत पडली असेल, तर कीड आणि सैल झालेली सुंभाची गाठ आधी पाहा. लाकडी शिडीला रंग लावू नका, भेगा झाकल्या जातात. अॅल्युमिनियमची शिडी असेल तर बल्बला हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.

आणि जेथे लांब काठीला बांधलेल्या झाडूने काम भागते, तेथे चढताच कशाला?

ऐन हंगामात घरचा कर्ता अंथरुणाला खिळला, तर तोड येऊनही फडावर बघायला माणूस राहत नाही. त्यापुढे खोक्याला लागणारी फळी आणि सुताराची मजुरी ती केवढी! शिडी घसरते ती पायातून. म्हणून चढण्याआधी एकदा खाली वाकून तिचे पाय पाहा.