बुरशी पुसाल, भिंतीतल्या पाण्याचे काय?

2020च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरातल्या सखल वस्त्यांत, नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. त्या वर्षी दिवाळी 14 नोव्हेंबरला होती. घराला रंग काढायला मधले अडीच महिने पुरेसे वाटतात; विटांच्या भिंतीला मात्र ते पुरतातच असे नाही. भिजलेली नऊ इंची भिंत सुकायला कित्येक महिने लागू शकतात आणि विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पुराच्या खुणेच्याही वर चढते. अशा भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आतच कोंडते. मग पोपडे सुटतात, कपाटामागे काळे-हिरवे ठिपके उमटतात आणि ब्लीचिंग पावडरची शोधाशोध सुरू होते. खरे तर बुरशी हा जंतुनाशकाचा प्रश्नच नाही, तो पाण्याचा आहे. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना हद्दपार करता येत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास टिकली की रंग, धूळ, पुठ्ठा, लाकूड यांवर ते रुजतात.

ब्लीचने बुरशी मरते, मग अडचण काय, असे कोणी विचारेल. मेलेल्या बुरशीचीही अ‍ॅलर्जी होते आणि सच्छिद्र गिलाव्यात ब्लीच खोलवर पोचत नाही. त्यापेक्षा डाग आधी ओला करून साबणाच्या पाण्याने घासावा आणि जागा लगेच कोरडी करावी. कोरडाच झाडला तर बीजाणू घरभर उडतात. म्हणून घासताना पंखा बंद, खिडकी उघडी, तोंडाला एन-95 मास्क, हातात रबरी मोजे. दम्याच्या रुग्णाने हे काम करूच नये. कुबट झालेली गादी वाचवण्याचा मोह सोडावा. ब्लीच वापरलेच, तर त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो.

पाणी येते कुठून, हे ओळखायला प्लास्टिकचा वीतभर तुकडा पुरतो. तो चारही कडांनी भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवा. थेंब आतल्या बाजूने धरले तर भिंतच ओली आहे: गळका नळ, छताची भेग, पायातून चढणारी ओल शोधा आणि रंग थांबवा. बाहेरच्या बाजूने धरले तर खोलीतली वाफ गार भिंतीवर बसते आहे.

पूर्वी चुना मारायचे तेव्हा बुरशी नव्हती, असे जुनी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याची ही धार उतरते, त्यामुळे तो वरचेवर मारावाच लागतो. राहता राहिली पावसाळी हवा. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर 26 अंशांखालच्या भिंतीवर दव धरते, हे खरेच. म्हणून तर भाताची वाफ आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची त्यात भर नको. पाऊस उघडल्यावर दुपारी खिडक्या उघडाव्यात आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे.