पुन्हा विद्यार्थी होताना

माजी विद्यार्थी महाविद्यालयात बोलावयास येतात, तेव्हा बहुधा यशाचीच कथा सांगतात. विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी पडावी ती मधल्या अवघड काळाची हकीकत.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. त्यानंतर पोट उघडण्यात हातखंडा असलेल्या शल्यविशारदांना पडद्याकडे पाहत, बोटांच्या स्पर्शाविना, साधी गाठ मारणेही नव्याने शिकावे लागले. हात डावीकडे नेला की उपकरणाचे टोक उजवीकडे जाते! जगभर प्रारंभी पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाणही वाढले होते. म्हणूनच, शरीररचना स्पष्ट दिसेना तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणे हा पराभव नव्हे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी स्वीकारले. व्यासपीठावरून मात्र क्वचितच सांगितले.