ससा उचलायचा कसा? घरी पाळणारे आणि ससेपालक यांचे इथेच का बिनसते?

ससा कान धरून उचलू नये, यावर घरी हौसेने ससा पाळणारे आणि मांस किंवा लोकरीसाठी ससेपालन करणारे या दोघांचेही एकमत आहे. मतभेद सुरू होतात त्यापुढे. कसा उचलायचा, किती वेळा आणि कशासाठी?

ससेपालक एका हाताने मानेमागची सैल कातडी धरतो आणि दुसरा हात पुठ्ठ्याखाली देतो. रोज अनेक पिंजरे तपासायचे असतात, त्यामुळे पकड पक्की लागते. घरी पाळणाऱ्यांना ही पकडच क्रूर वाटते. ते छातीखाली एक हात आणि मागच्या पायांखाली दुसरा हात घालून ससा अंगाशी धरतात. दोन्ही पद्धतींत महत्त्वाचा हात एकच, तो म्हणजे मागचा. सशाचा हाडांचा सापळा फार हलका, शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो. मागचे पाय मात्र जबर ताकदीचे. मागचा भाग लोंबकळत असताना सशाने जोरात झटका दिला, तर त्याचाच कणा मोडू शकतो आणि पाय कायमचे लुळे पडतात.

ससा उताणा केला की निपचित पडतो. ‘किती शांत झोपलाय’ म्हणून त्याचे व्हिडिओ काढले जातात. ही झोप नव्हे, भीतीने थिजणे आहे. ससेपालकही ससा उताणा करतो, पण नर-मादी ओळखायला किंवा तळपायाची जखम पाहायला, आणि काम झाले की सोडतो. कौतुकापोटी दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर फिरणाऱ्या सशापेक्षा हा ससा कदाचित कमी घाबरत असेल.

पिल्लांच्या बाबतीतही तेच. मादी साधारण ३१ दिवसांनी विते. माणसाचा हात लागला की आई पिल्ले टाकते, या समजापोटी घरी कोणी पेटीकडे फिरकतच नाही. ससेपालक पहिल्याच दिवशी पेटी उघडून मेलेली पिल्ले बाजूला करतो. सरावलेली मादी त्याला सहसा हरकत घेत नाही. ती दिवसातून एखाद-दोन वेळाच, तेही काही मिनिटे पाजते. त्यामुळे आई जवळ दिसत नाही म्हणजे तिने पिल्ले टाकली, असे नाही.

पिंजऱ्याबाबत मात्र घरी पाळणाऱ्यांचे म्हणणे ऐकायला हवे. जाळीच्या तळामुळे लेंड्या खाली पडतात आणि रोगराई आटोक्यात राहते, हे खरे. पण न्यूझीलंड व्हाइटसारख्या वजनदार जातींचे तळपाय त्या तारांवर सोलवटतात. निदान बसायला एक फळी हवी. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. त्यात पाळीव प्राणी आणि पशुधन असा भेद नाही. शेतात सापडणारा रानससा मात्र दोघांनीही आणू नये. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

दुखले-खुपले तरी ससा सहसा आवाज करत नाही. त्याने १२ तास काहीच खाल्ले नाही, लेंड्याही टाकल्या नाहीत, तर आतडे थंडावलेले असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाला गाठावे.